नाल्याकडचे चार नमुने

"बांधावरची माती न्यायला आली असशील, तर आली तशी माघारी जा," लंकाबाई म्हणाली आणि हातातलं खुरपं तिनं वाफ्यात रोवून ठेवलं.

हर्षाली उगले बांधावरच उभी होती. एका हातात माती काढायचा लोखंडी ऑगर, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशव्यांचं पुडकं. नाशिकला सातपूरकडच्या एका खासगी लॅबमध्ये ती आठ वर्षं माती तपासत होती. सिन्नरच्या पुढचं गारमाळ हे गाव मात्र तिनं आज पहिल्यांदाच पाहिलं. गावाच्या वरच्या अंगाला प्लेटिंगचा कारखाना होता. नटबोल्टांवर, लोखंडी सुट्या भागांवर धातूचा मुलामा चढवायचं काम तिथं चाले. कारखान्याला आता दुसरी शेड उभी करायची होती. कारखान्याच्या पाण्यानं आमच्या जमिनी बिघडल्या, अशी गावाची तक्रार होती. म्हणून परवानगीच्या आधी जमिनीला किती धोका आहे ते तपासून अहवाल द्या, असा प्रदूषण मंडळाचा आदेश निघाला, आणि हे काम कारखान्यानं हर्षालीच्या लॅबला दिलं.

"मागल्या खेपेला लॅबवाले दोघं आले," लंकाबाई सांगू लागली. "पायात बूट. हितं बांधावर उभं राहून माती काढली, पिशवीत भरली, फोटो काढला अन् गेले. मग कागद आला, माती चांगली हाय. आगं, नाल्याचं पाणी बांधावर चढतं का?"

"मग कुठली घेऊ, मावशी? तुम्हीच दाखवा."

लंकाबाईनं तिच्याकडं जरा वेळ पाहिलं. बाई साठीला आलेली, अंगानं काटक, कपाळावर उन्हानं पडलेल्या आठ्या कधीच न मिटणाऱ्या. "चपला काढ," ती म्हणाली. "खाली चिखल हाय."

शेत दोन एकरांचं, उताराचं. वरचा तुकडा काळाभोर आणि भुसभुशीत. खालचा तुकडा नाल्याला लागून, आणि पावसाळ्यात नाला फुगला की पाणी थेट त्याच्यावरून जायचं. लंकाबाईनं तिथं चार जागा दाखवल्या. पहिल्या जागेवर तिनं स्वतःच टिकाव मारला, ढेकूळ उलटं केलं आणि हातानं फोडून हर्षालीपुढं धरलं.

"काय दिसतं?"

"माती."

"अजून?"

हर्षालीनं वाकून पाहिलं. "काही नाही."

"तेच दाखवते तुला. काहीच नाय. वरच्या वावरात एक टिकाव मारला तर पाच-सात गांडुळं वळवळतात. हितं चार वर्सांत एक नाय पाहिलं. वर ट्रॅक्टर नांगरायला लागला की मागं बगळ्यांची रांग लागते. ट्रॅक्टर खाली आला, की सगळे बगळे उडून बांधावर. एक उतरत नाय."

हर्षालीनं वही काढली आणि हे सगळं तसंच्या तसं लिहून घेतलं. नमुना घेण्याच्या छापील फॉर्मवर बगळ्यांसाठी रकाना नव्हता, म्हणून तिनं मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं.

खालच्या तुकड्यात मेथी उभी होती. हिरवी, कोवळी, बाजारात हातोहात जाईल अशी.

"ही कुठं जाते?" हर्षालीनं विचारलं.

"नाशिकला. मार्केटात."

"आणि घरी?"

"घरी वरच्या वावरातली खातो."

मग हर्षालीनं विचारलंच, "मावशी, घरी खात नाही ती विकता कशी?"

लंकाबाईचा चेहरा एकदम तापला. "तुमच्याच कागदात लिहिलं ना, चांगली हाय म्हणून? व्यापाऱ्याला काय सांगू, माझ्या मनाला पटत नाय? दोन वर्सं झाली, रोज जुड्या बांधताना हात जड होतो माझा. तू दुसरा कागद दे. खरा दे. दिलास, तर हितली एक काडी विकणार नाय. माझा शब्द हाय."

त्या दिवशी हर्षालीनं गारमाळच्या शिवारातून वीस नमुने घेतले. सोळा इकडचे-तिकडचे, आणि नाल्याकाठचे चार. त्या चार पिशव्यांवर तिनं लाल मार्करनं वेगळी खूण केली.

आठवड्याभरात आकडे आले. मातीत कॅडमियम होतं, थोडं निकेलही होतं. नाल्याकडच्या चार पिशव्यांत जास्त, बाकीच्यांत नावापुरतं. पण जास्त म्हणजे तरी मर्यादेच्या आतच. आतच, पण काठाला.

हर्षालीचं लक्ष दुसऱ्याच आकड्यानं वेधलं. नाशिककडची काळी माती चुनखडीची, तिचा सामू, म्हणजे पीएच, आठाच्या आसपास असतो. सोळा नमुन्यांचा तसाच होता. नाल्याकडच्या चारांचा मात्र पाचाच्या थोडा वर. म्हणजे तिथली माती आंबट झाली होती. मुलामा चढवण्याआधी लोखंड ॲसिडनं धुतात, तेच पाणी नाल्यातून येत असणार.

आता तिला स्वस्थ बसवेना. चुनखडीच्या मातीत धातू कणांना घट्ट धरून बसतो. मुळांना, किड्यांना त्यातलं फारसं मिळत नाही. माती आंबट झाली की तोच धातू सुटा होतो, पाण्यात उतरतो, आणि मग जे जे त्या मातीत जगतं त्याच्या अंगात शिरतो. मातीत एकूण किती आहे हे अर्धंच उत्तर. त्यातलं सुटं किती, हा खरा प्रश्न. तिनं कामाच्या यादीत नसलेली एक चाचणी केली. मिठाच्या सौम्य द्रावणात माती ढवळली, गाळली आणि पाण्यात काय उतरलं ते मोजलं. वरच्या शेतातल्या मातीतून जवळजवळ काहीच उतरलं नाही. नाल्याकडच्या मातीतून जे उतरलं, ते पाहून तिनं यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं आणि सगळं परत मोजलं. आकडा तोच आला.

कागद घेऊन ती योगेश सरांकडं गेली. लॅब त्यांचीच. माणूस वाईट नव्हता. हर्षालीला पहिली नोकरी त्यांनीच दिली होती, आणि काम शिकवलंही त्यांनीच.

त्यांनी आकडे दोनदा वाचले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही चाचणी कोणी सांगितली?"

"कोणी नाही."

"मग ती अहवालात जाणार नाही. आपल्याला एकूण मोजायला सांगितलंय. एकूण मर्यादेत आहे."

"सर, सामू बघा ना. पाच पूर्णांक दोन. काळ्या मातीत!"

"चारच नमुन्यांचा. वीसही एकत्र करून संयुक्त नमुना कर. सरासरी काढ. पद्धतीत बसतं ते."

"पद्धतीत बसतं, पण खोटं आहे," हर्षाली म्हणाली. "एका कोपऱ्यात विष आहे आणि बाकी शेत चांगलं आहे. मिसळलं की कोपरा नाहीसाच होतो. मेथी काही सरासरीत उगवत नाही, सर. ती त्या कोपऱ्यातच उगवते."

योगेश सर खुर्चीवरून उठले, खिडकीशी गेले. "हर्षाली, इथं चौदा माणसं काम करतात. असा एक अहवाल गेला, की पुन्हा कुठलाही कारखाना आपल्या दारात येणार नाही. मी खोटं लिही म्हणत नाही. विचारलं तेवढंच सांग, म्हणतोय. सोमवारी अहवाल जायचाय. विश्लेषक म्हणून तुझी सही लागेल."

शनिवारी संध्याकाळी हर्षाली देवळाली कॅम्पात आईकडं गेली. आई ओट्याशी मेथी निवडत होती. हर्षाली दारातच थांबली.

"कुठून आणलीस?"

"बाजारातून. का गं?"

"कुठल्या गावची?"

"भाजीवाली गाव सांगते होय?" आई हसली. "मेथी आहे, मेथी. नुसती पानं खुडून दे मला."

हर्षाली पाट घेऊन बसली. जुडीतली एक काडी हातात घेतली आणि तशीच बसून राहिली. ही भाजी गारमाळची आहे की दिंडोरकडची, हे सांगायला कुठलीच खूण नव्हती. पानं तशीच हिरवी, वासही तोच. मग ती उठली आणि आईनं निवडलेली भाजी, देठं, सगळं कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं. आईनं कारण विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

आईनं ओटा पुसून घेतला. मग म्हणाली, "सही केलीस, तर मला सांगू नकोस."

सोमवारी हर्षालीनं सही केली नाही. योगेश सरांनी पेन पुढं केलं, तिनं ते उचलून पुन्हा त्यांच्या बाजूला ठेवलं. "नाल्याकडचे चार वेगळे दाखवा, सुटा धातू किती ते लिहा, मग कुठंही सही करते," ती म्हणाली.

"दुसरं कोणीतरी करील."

"करू दे. माझं नाव त्याच्याखाली नसेल."

"मग उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. बोलताना त्यांनी वर पाहिलं नाही.

तिनं ॲप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला आणि ती निघाली. लॅबमधली एकही पिशवी, एकही कागद तिनं सोबत घेतला नाही. ते आकडे लॅबचे होते. पण माती काही लॅबची नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती सिन्नरहून जीपनं गारमाळला उतरली. लंकाबाई ओट्यावर लसूण सोलत होती. हर्षालीनं नोकरी गेल्याचं सांगितलं, आणि कागद तोच जुना येणार हेही सांगितलं.

"मग तू कशाला आलीस?"

"तुमची माती मागायला. तुमच्या शेताची, तुमच्या हातानं काढलेली. आणि गांडुळं हवीत. गांडूळखताचा बेड कोणाकडं आहे गावात?"

बेड होता पुंजाकडं. पुंजा लंकाबाईचा चुलत दीर. त्याचीही जमीन नाल्याला लागून, आणि गावातली सगळ्यात जास्त पालक-मेथी त्याच्याच शेतातून जायची. त्यानं हर्षालीचं बोलणं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

"वहिनी, हिला घालवून द्या," तो लंकाबाईला म्हणाला. "कारखान्याशी भांडा, मी संगं हाय. पण माती विषारी हाय असं आपल्याच तोंडानं म्हणायचं? एकदा गारमाळचं नाव बाजारात निघालं, का आपली भाजी जनावराला बी कोण घालणार नाय!"

"अन् माणसाला घालतो ते?" लंकाबाईनं विचारलं.

"कशावरून विष हाय? मी रोज खातो."

"तुम्ही वरच्या विहिरीवरचं खाता, भावजी. मला नका सांगू."

हर्षालीनं मग त्याला सरळ विचारलं, "काका, तुम्हाला खात्री आहे ना, माती चांगली आहे? मग गांडुळं द्या. तुमची गांडुळं, तुम्ही मोजून द्यायची, तुम्हीच सोडायची. मी हातसुद्धा लावणार नाही. नीट राहिली, तर मी गप्प घरी जाईन, आणि गावात कोणापुढं तोंड उघडणार नाही."

हे मात्र पुंजाला पटलं. त्यानं धोतराचा सोगा खोचला आणि बेडवरचं गोणपाट उचललं.

पद्धत साधी होती. प्लास्टिकचा पारदर्शक डबा, मधोमध पुठ्ठ्याचा पडदा. एका बाजूला वरच्या शेतातली माती, दुसऱ्या बाजूला नाल्याकडची, दोन्ही सारख्या ओल्या. मग पडदा काढायचा, मधल्या रेघेवर दहा गांडुळं सोडायची, भोकं पाडलेलं झाकण लावायचं आणि दोन दिवस सावलीत ठेवायचं. गांडुळं पाहिजे तिकडं जाऊ शकतात. दोन दिवसांनी पडदा पुन्हा घालायचा आणि मोजायचं.

"आणि ती आपोआपच एका बाजूला जमत असली तर?" पुंजानं शंका काढली.

हर्षालीला बरं वाटलं. हा प्रश्न तिच्या सरांनीही विचारला असता. "म्हणून असे तीन डबे भरू, आणि चौथा असा, की दोन्हीकडं वरचीच माती."

दोन दिवस पुंजा डबे ठेवलेल्या पडवीतून हलला नाही. जेवायलाही तिथंच बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच पडदे घातले आणि त्यानंच माती पाटीत ओतून बोटांनी चिवडली. पहिल्या डब्यात वरच्या मातीत दहा. नाल्याकडच्या मातीत एकही नाही. दुसऱ्या डब्यात नऊ, आणि नाल्याकडच्या बाजूला एक, मेलेलं. तिसऱ्यात पुन्हा दहा. ज्या डब्यात दोन्हीकडं सारखी माती होती, तिथं पाच आणि पाच.

पुंजा उकिडवा बसून राहिला. हाताला लागलेली माती त्यानं बराच वेळ झटकली नाही. मग खालच्या आवाजात विचारलं, "माझ्या खालच्या वाफ्याची माती आणू का?"

"आणा," हर्षाली म्हणाली.

ती माती भरलेल्या डब्यातही गांडुळं पळाली.

नव्या शेडच्या परवानगीची जाहीर सुनावणी पुढच्या शुक्रवारी, सिन्नरच्या एका मंगल कार्यालयात होती. दोन दिवस आधी, बुधवारी, पुंजानं ग्रामसेवकाला पडवीत बोलावलं. त्याच्यासमोर नवे सहा डबे भरले, पाच दोन मातींचे आणि एक सारख्या मातीचा. प्रत्येक झाकणावर कागदी पट्टी चिकटवली आणि पट्टीवर ग्रामसेवकाची सही घेतली. ही कल्पना पुंजाचीच. "उद्या कुणी म्हणाया नको, तुम्हीच गांडुळं हाकलली," तो म्हणाला.

आणि गुरुवारी लंकाबाईनं नाल्याकडची मेथी उपटली. सगळी, मुळासकट. बाजारात जायला ती चार दिवसांनी तयार झाली असती. हर्षाली पोचली तेव्हा बाई कंबर धरून रिकाम्या वाफ्यात उभी होती आणि उपटलेली मेथी गोण्यांत भरून बांधावर ठेवली होती.

"मावशी, सुनावणी तरी होऊ द्यायची," हर्षाली म्हणाली.

"शब्द दिला व्हता ना तुला? कागदाचं काय, तू दाखवलंस ते पाहिलं मी."

शुक्रवारी हॉल भरला होता. स्टेजवर सुनावणी घेणारे अधिकारी, त्यांच्या बाजूला कारखान्याचे वकील, आणि कडेच्या खुर्चीत योगेश सर. पडद्यावर अहवाल दाखवला गेला. वीस ठिकाणांचा संयुक्त नमुना. कॅडमियम मर्यादेत, निकेल मर्यादेत, सामू साडेसात. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत: पर्यावरणीय धोका नगण्य.

"गावाकडून कोणी बोलणार?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

हर्षाली उठली. वकील लगेच उभे राहिले. "साहेब, या बाई याच लॅबमधून कमी केलेल्या आहेत. राग काढायला आल्यात."

"मी लॅबतर्फे बोलतच नाही," हर्षाली म्हणाली. "लॅबचे आकडे लॅबचे, मी एकही सांगणार नाही. ही माती लंकाबाईंची आहे. गांडुळं पुंजाकाकांची आहेत. झाकणावर सही ग्रामसेवकांची आहे. तुम्ही फक्त उघडून बघा."

पुंजानं सहाही डबे स्टेजवर आणून मांडले. अधिकाऱ्यांनी जरा विचार केला. त्यांची नजर घड्याळाकडं गेली, मग हॉलकडं गेली. शेवटी त्यांनी बाह्या वर केल्या. पट्टी फाडली, पडदा घातला आणि वर्तमानपत्रावर एकेका बाजूची माती ओतली. ते मोजत गेले आणि ग्रामसेवक मोठ्यानं सांगत गेला.

"पहिला डबा. वरची माती दहा, नाल्याकडची शून्य. दुसरा, दहा आणि शून्य. तिसरा, नऊ आणि एक. एक मेलेलं आहे. चौथा, दहा आणि शून्य. पाचवा, दहा आणि शून्य. सहावा डबा, दोन्हीकडं वरची माती. सहा आणि चार."

हॉलमध्ये कुजबुज वाढली. वकील हसत हसत पुढं आले. "साहेब, आता कारखाने गांडुळांच्या आवडीनिवडीवर चालवायचे का?"

काही लोक हसले. हर्षाली ते थांबेपर्यंत थांबली.

"गांडुळाला मर्यादेचा तक्ता माहीत नाही," ती म्हणाली. "मातीत एकूण किती धातू आहे, हे त्याला कळत नाही. अंगाला किती लागतं, तेवढंच कळतं. मेथीच्या मुळालाही तेवढंच कळतं. तुमच्या अहवालात धातू किती आहे ते लिहिलंय, साहेब. त्यातला किती सुटलाय, हे लिहिलेलं नाही. जमिनीत जगणाऱ्यांना दुसरा आकडा मारतो, पहिला नाही."

"मग ही माती एवढी वाईट आहे," वकिलांनी लंकाबाईकडं बोट केलं, "तर या आजी इतकी वर्षं तिथली भाजी का विकत होत्या? विचारा त्यांना!"

हर्षालीला या प्रश्नाचीच भीती होती. तिनं मागं वळून पाहिलं. लंकाबाई उठली होती. पदर खोचून ती खुर्च्यांच्या मधून चालत स्टेजपर्यंत आली.

"विकली," ती म्हणाली. माइक तिच्यापुढं नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "घरी नाय खाल्ली अन् बाजारात विकली. माझं चुकलं. तुमच्या कागदाच्या आडोशाला उभी राहिले मी. पण डब्यात पाहिलं अन् काल सगळी मेथी उपटली. गोण्या बांधावर हायेत, जाऊन बघा. मला आठ दिवसांमागं कळलं, तुम्हाला आत्ता कळलं. मी माझी मेथी उपटली. तुम्ही काय उपटता, सांगा."

कोणीच हसलं नाही. वकील खाली बसले.

हर्षाली अधिकाऱ्यांकडं वळली. "साहेब, एकच विनंती. नाल्याकडचे चार नमुने वेगळे तपासले होते का, एवढं लॅबला विचारा."

अधिकाऱ्यांनी योगेश सरांकडं पाहिलं. सर खुर्चीत सरळ बसले होते. त्यांनी पाण्याची बाटली उचलली, उघडली आणि न पिताच खाली ठेवली. हर्षाली त्यांच्याकडं पाहत राहिली. नाही म्हणणं सोपं होतं, आणि ते खोटं ठरवायला तिच्याकडं काही नव्हतं.

"तपासले होते," ते म्हणाले.

"आणि?"

"सामू पाच पूर्णांक दोन होता. सुटा धातूही मोजला होता. जास्त निघाला. नंतर ते नमुने संयुक्त नमुन्यात मिसळले."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या," योगेश सर म्हणाले.

शेडची परवानगी त्या दिवशी थांबली. नाल्याकाठचे नमुने वेगळे घ्यायचे, सुटा धातू मोजायचा, मातीबरोबर भाजीची पानं आणि नाल्याचं पाणीही तपासायचं आणि तोवर नाल्यात एक थेंब सोडायचा नाही, असा आदेश निघाला. हॉलच्या बाहेर योगेश सर हर्षालीच्या समोरून गेले. थांबले नाहीत, पण मान हलवली. तिनंही हलवली.

यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. पुंजाची भीती खरी ठरली. महिनाभर गारमाळची भाजी कोणी हातात धरेना, चांगल्या शेतातलीसुद्धा. गावातल्या तीन घरांनी लंकाबाईशी बोलणं टाकलं. एकीनं पाणवठ्यावर तोंडावर म्हटलं, "तुझ्यापायी आमची बी भाजी सडली." लंकाबाईनं ऐकून घेतलं आणि हंडा भरून घरी आली. हर्षालीनं तीन लॅबमध्ये अर्ज केले. दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यांनी बोलावलं आणि विचारलं, असं पुन्हा करणार का? तिनं हो म्हटलं, आणि तिथलंही काम गेलं.

मग तिनं गारमाळच्याच शाळेच्या एका खोलीत सामू मोजायचं छोटं यंत्र आणून ठेवलं. आठवड्यातून दोन दिवस ती तिथं बसू लागली. पुंजा शेजारच्या गावांतून लोकांना माती घेऊन यायला सांगायचा. कुठली माती चांगली, कुठली आंबट झालीय, हे प्रत्येक वाफ्यानिशी कागदावर येऊ लागलं. चांगल्या वाफ्यांचे कागद घेऊन पुंजा स्वतः मार्केटात गेला आणि व्यापाऱ्यांपुढं ते एकेक करून मांडले. आधी दोघांनी माल घेतला, मग आणखी काहींनी.

मार्चमध्ये एका दुपारी कारखान्याचा टिपर लंकाबाईच्या बांधापाशी येऊन थांबला. वर चुना भरलेला. सोबत कारखान्याचा एक माणूस, हातात टाइप केलेला कागद. आंबट मातीवर चुना टाकला की ती सुधारते, आम्ही स्वखर्चानं टाकून देतोय, असं तो गोड आवाजात सांगू लागला. फक्त इथं एक सही द्या.

लंकाबाईनं कागद हर्षालीकडं दिला. त्यात लिहिलं होतं, जमीन पूर्ववत करून मिळाली, आता कोणतीही तक्रार उरली नाही.

"पोरी, चुन्यानं माती सुधरंल?"

"सामू वर येईल. सुटा झालेला धातू पुन्हा मातीला धरून बसेल," हर्षाली म्हणाली. "पण तो जाणार नाही, मावशी. तिथंच राहील. नाल्यातून पुन्हा ॲसिड आलं, की पुन्हा सुटेल."

"म्हंजे चुना चांगला, कागद खोटा."

"हो."

लंकाबाई त्या माणसाकडं वळली. "चुना उतरवा. कागद माघारी न्या."

"सहीशिवाय उतरवता येणार नाही, आजी. वरून तसंच सांगितलंय."

"मग घेऊन जा चुना. माझी माती चार वर्सं थांबली, अजून थांबंल. पण आज गाडी माघारी गेली तर उद्या तालुक्याला सांगते, चुना आणला व्हता अन् सहीसाठी परत नेला."

माणसानं फोन लावला. बाजूला जाऊन बोलला, पुन्हा लावला. पुंजा आणि आजूबाजूच्या शेतांतली चार-पाच माणसं तोवर बांधावर येऊन उभी राहिली होती. त्या दुपारी कडकडीत ऊन होतं, पण कोणी सावलीला गेलं नाही. शेवटी माणूस परत आला. चेहरा उतरलेला. "निदान पोच तरी लिहून द्या. माल मिळाला म्हणून."

"ते देते," लंकाबाई म्हणाली. तिनं हर्षालीकडून वहीचं एक पान आणि पेन घेतलं आणि टिपरच्या चाकाशेजारच्या दगडावर बसली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, अक्षरं मोठी आणि एकमेकांपासून लांब लांब. तिनं सावकाश लिहिलं आणि खाली पूर्ण नाव लिहून पान त्याच्या हातात दिलं.

त्यानं वाचलं. एक गाडी चुना मिळाला. नाल्याचं पाणी अजून तपासायचं हाय.

"ही दुसरी ओळ कशाला, आजी?"

"ज्यांनी गाडी पाठवली, त्यांना वाचून दाखव," लंकाबाई म्हणाली आणि उठून उभी राहिली. "चल, ओत आता. वारं जातंय त्या अंगाला उभा राहू नको, डोळ्यांत जाईल."